फोटो काढण्याआधी

अमरावतीचा गिला वडा म्हणजे दह्यात भिजलेला उडदाचा वडा, वर तिखट-गोड चटणी. जवाहर गेटच्या आत-बाहेर हिंडणारा खवय्या हल्ली तो खाण्याआधी त्याचा फोटो काढतो, ओघात वडेवाल्याचाही. वड्याचे पैसे देतो, पण चेहऱ्याचे काय? आमच्या बँकेत स्वतःचे पैसे काढायचे तरी सही लागते. दुसऱ्याचा चेहरा मात्र बिनसहीचा निघतो! बरे, विचारावे तर तो केस सारखे करून पुतळा होतो आणि फोटोतली गंमत जाते. माझ्या मते, जाऊ द्यावी. कारण विचारले की तो म्हणतो, “काढा ना भाऊ, पन पयले खाऊन तं पाहा!” आणि खाताना फोटोचे राहूनच जाते.