बॉनेटची कडी

आजोबांची महिंद्रा सीजे थ्री बी जीप साताऱ्याच्या घरामागे कित्येक वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. गेल्या वर्षी ती सांगलीच्या एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. इंजिन, ब्रेक, वायरिंग सगळं झालं. अडलं ते बॉनेटच्या दोन कड्यांवर.

या जीपचं बॉनेट काचेच्या बाजूला बिजागऱ्यांवर असतं आणि पुढून उघडतं. दोन्ही मडगार्डांवर एकेक स्प्रिंगची कडी. ती ओढायची आणि बॉनेटच्या कडेला अडकवायची. आजच्या गाड्यांसारखा दुसरा सेफ्टी कॅच नाही. म्हणून दोन्ही कड्यांचा ताण सारखा लागतो. एक सैल असली की बॉनेट थरथरतं, बोल्टची भोकं मोठी होतात, आणि एखाद्या दिवशी वारा खाली शिरून बॉनेट थेट काचेवर येतं.

ट्रायल घेताना कऱ्हाडजवळ उजवी कडी सुटली. वेग जेमतेम 40 होता, म्हणून वाचलो. बाबांनी बॉनेट सुतळीनं बांधून गाडी घरी आणली.

मिस्त्री म्हणाले, "नव्या बसवतो. ॲसिडनं जरा खाऊ देतो, वर फिकट रंग मारतो. कुणाला कळायचं न्हाई."

पुण्याच्या एका गृहस्थांना जीप हवी होती, पण 'सगळं ओरिजिनल' असेल तरच. त्या पैशांतून बहिणीची फी भरायची होती.

सगळे भाग बदलले तर गाडी तीच राहते का, हा थिसियसच्या जहाजाचा जुना प्रश्न. तो मला आवडतो, कारण उत्तर चुकलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. इथे बिघडणार होतं. मी रोज दुसऱ्यांनी लिहिलेला कोड बदलतो. त्याला कुणी फसवणूक म्हणत नाही, कारण प्रत्येक बदलावर नाव आणि तारीख राहते. फसवणूक सुरू होते ती इतिहास पुसल्यावर. जुन्या वास्तूंच्या जतनासाठी 1964 साली झालेली व्हेनिसची सनदही हेच सांगते: नवा भाग जुन्यात शोभला पाहिजे, पण नवा म्हणून ओळखूही आला पाहिजे.

मिस्त्रींचंही चूक नव्हतं. जुन्या गाडीवर चकचकीत कडी डोळ्यांत खुपते. ॲसिड म्हणजे खोटं नव्हे. खोटं असतं ते त्यानंतर गप्प राहणं.

शेवटी नव्या कड्या बसवल्या, रंग बॉनेटचाच दिला, ॲसिड लावलं नाही. जुन्या दोन्ही पिशवीत घालून डॅशबोर्डखाली ठेवल्या आणि गृहस्थांना फोनवर सांगितलं. त्यांनी भाव पाडला. बाबा दोन दिवस बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "एवढ्याशा कडीसाठी?"

फीचा उरलेला भाग कर्जातून भरला. हप्ता माझ्या पगारातून जातो. म्हणजे माझं तत्त्व मला परवडलं. पगार नसता, फी उद्यावर आली असती, तर मी तो फोन केला असता का? केला असता असं म्हणावंसं वाटतं. पण त्या रात्री फोन हातात घेऊन मी बराच वेळ बसलो होतो, हेही खरं आहे.