मागणाऱ्यांचा चौक

बँकॉकच्या राचाप्रासोंग चौकात ब्रह्मदेव आहे. आपल्याकडे ब्रह्मदेवाचं देऊळ म्हटलं की पुष्करपलीकडे चटकन नाव सुचत नाही. इथे तो चार मुखांनी चारी दिशांचे मॉल, हॉटेलं आणि डोक्यावरून धावणारी स्कायट्रेन बघत बसला आहे. १९५६ साली या जागी सरकारी एरावान हॉटेल बांधलं जात होतं आणि कामावर एकामागून एक विघ्नं येत होती. ज्योतिषाने सांगितल्यावरून ९ नोव्हेंबरला ब्रह्मदेवाची स्थापना झाली. ते हॉटेल पुढे पाडलं, त्या जागी नवं आलं. देव तिथेच राहिला. मग शेजाऱ्यांनीही देव बसवले. सेंट्रल वर्ल्डसमोर त्रिमूर्ती आणि गणपती, गेसॉर्नमध्ये वरच्या मजल्यावर लक्ष्मी, पूर्वीच्या अमरिन प्लाझापाशी इंद्र, इंटरकॉन्टिनेन्टलपाशी गरुडारूढ नारायण. गुरुवारी रात्री त्रिमूर्तीपुढे तरुण मुलंमुली लाल गुलाब घेऊन रांगेत उभी असतात. जोडीदार मागायचा असतो.

माझी लेक तिथे नोकरीला आहे. नवरात्राच्या दिवसांत मी तिच्याकडे गेले होते. पिशव्या सांभाळत आम्ही त्या चौकातून जात होतो तेव्हा ती म्हणाली, “आई, इथे देवसुद्धा खरेदीचाच भाग आहे. पैसे द्या, फळ घ्या.” तिचं म्हणणं मला झटकून टाकता आलं नाही. मी आयुष्यभर महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवलं, आणि हा प्रश्न त्याहून जुना, घरातला आहे. देवाकडे ऐहिक काही मागणं ही भक्ती आहे की सौदा?

एरावानला, म्हणजे या ब्रह्मदेवापाशी, मागणं पूर्ण झालं की लोक नवस फेडायला परत येतात. कुणी झेंडूच्या माळा घालतं, कुणी लाकडी हत्ती ठेवतं. ज्याला जमेल तो नाच घालतो. आवारातच मंडप आहे, त्यात वादक आणि नर्तकी बसलेल्या असतात. डोक्यावर निमुळता उंच मुकुट, भरजरी वेष. किती जणींचा नाच हवा त्याप्रमाणे पैसे भरायचे, आपलं नाव सांगायचं आणि देवाकडे तोंड करून गुडघ्यांवर बसायचं. त्या गातात तेव्हा तुमचं नाव गाण्यात येतं. लाकडी पट्ट्यांचं रनात वाजू लागतं, बोटं मागे वळतात, पावलं सावकाश उचलली जातात. बाजूला टॅक्सी, मोटरसायकली, बसगाड्या. कुणी टाळ्या वाजवत नाही. त्या नाचतात ते देवासाठी.

मी बराच वेळ उभी होते. त्याच दिवशी सकाळी लेकीने मला पाथुमवान चौकातल्या कला-संस्कृती केंद्रात नेलं होतं. २००८ साली उघडलेली ती सुंदर इमारत. गोल फिरत चढत जाणाऱ्या वाटा, पांढऱ्या भिंती, शांतता. तिथे प्रत्येक चित्र माझ्याकडे तोंड करून होतं, माझं मत काय याची वाट बघत. इथे चौकात माझ्या मताला काहीच जागा नव्हती, आणि त्याने मला फार मोकळं वाटलं. कलेला असा प्रेक्षक मिळावा की ज्याच्यापुढे चांगलं दिसण्याची धडपडच उरत नाही, हे मी लहानपणी पाहिलं होतं, खंडोबाच्या जागरणात. वाघ्या-मुरळी रात्रभर गातात, दिमडी आणि तुणतुणं वाजतं, घाटी खणखणते, पहाटे लंगर तुटतो. तेही नवसाचंच असतं. देवाला सोनंनाणं देण्याऐवजी गाणं देणारी माणसं थायलंडमध्येही आहेत हे बघून मला परकं असं काही वाटेना.

आमचे वडील, अण्णा, माळकरी. विठ्ठलाकडे काही मागायचं नाही, हा घरचा दंडक. आईचं माहेर खंडोबाचं. माझा भाऊ लहानपणी तापाने फणफणला होता तेव्हा तिने मनातल्या मनात जागरण बोललं. भाऊ बरा झाला. अण्णांनी जागरण होऊ दिलं नाही. ते रागावले नव्हते, शांतपणे म्हणाले, पोर देवाने विकलेलं नाही, किंमत कसली द्यायची? या वाक्यापुढे आई गप्प झाली, आणि मीही पुढे वर्गात हेच शिकवत आले, वेगळ्या शब्दांत. निष्काम ते श्रेष्ठ, सकाम ते कनिष्ठ.

आता मला ही उतरंड मान्य नाही. तिच्यातून खुद्द ब्रह्मदेवच सुटत नाही. पाली ग्रंथांतली कथा अशी आहे: बोधी मिळाल्यावर बुद्धांना वाटलं, हा धम्म फार गहन आहे, लोकांना समजणार नाही, सांगून उपयोग काय. तेव्हा ब्रह्मा सहंपती खाली आला, एक गुडघा टेकला, हात जोडले आणि लोकांसाठी धम्म सांगण्याची विनंती केली. बुद्धांनी ती मान्य केली. आजही थाई विहारांत भिक्खूंना प्रवचनाची विनंती करताना उपासक पालीत सहंपतीचंच स्मरण करतात. म्हणजे एरावानला लोक ज्याच्याकडे मागतात, तो बौद्ध परंपरेत स्वतः मागणारा म्हणून ओळखला जातो. त्याच्या मागण्यावाचून बुद्धांचे उपदेश झालेच नसते. आणि आपल्याकडे? ज्ञानेश्वरीच्या शेवटी ज्ञानेश्वर काय करतात? मागतात. एवढा ग्रंथ सांगून झाल्यावर हात पुढे करतात, तेही सगळ्या जगासाठी. अण्णा रोज पसायदान म्हणत. ते मागणं नव्हे का, हे त्यांना मी कधी विचारलं नाही.

सहंपती आणि ज्ञानेश्वर दुसऱ्यांसाठी मागतात, चौकातला माणूस स्वतःच्या बढतीसाठी, असं लेक लगेच म्हणाली. बरोबर आहे. पण आई भावासाठीच मागत होती. त्या रेलिंगपाशी गुडघे टेकलेली किती माणसं आईबापांसाठी, पोरांसाठी मागत असतील! आपण बाहेरून फक्त हात जोडलेले बघतो.

रात्री आम्ही याओवारातला गेलो. चिनी वस्तीचा हा रस्ता एरवी मासे, शिंपले, भाजलेलं डुकराचं मांस यांनी भरलेला असतो. त्या दिवसांत गाड्यागाड्यांवर पिवळी पताका, तिच्यावर लाल अक्षर. ‘जे’ व्रताचे नऊ दिवस चालू होते. चिनी नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस आणि आपलं नवरात्र बहुतेक वर्षी एकत्रच येतात. मांस नाही, मासे नाहीत. कांदा, लसूण आणि तशा वासाच्या पातीही नाहीत. आमच्या घरच्या चातुर्मासाचीच शिस्त. मी निर्धास्त खाल्लं: तळलेला अळकुडीसारखा कंद, टोफू, आळंब्यांचं गरम सूप. शेजारच्या टेबलावर पांढऱ्या कपड्यांतली काही तरुण मुलं बसली होती. लेकीने थाईत चौकशी केली तर एकाने सांगितलं, आजीसाठी करतोय. ती कुठे आहे, कशी आहे, आम्ही विचारलं नाही. मागणाऱ्याने आधी स्वतःच्या जिभेला आवर घालायचा, ही अट ज्या मागण्याला आहे त्याला सौदा म्हणताना माझी जीभ अडखळते.

दसऱ्याच्या रात्री सीलोम रस्त्यावर होतो. तिथलं मरिअम्मनचं देऊळ १८७९चं, तमिळ लोकांनी बांधलेलं. जवळच पाटपोंग, बारच्या दिव्यांची गल्ली. त्या रात्री रस्ता गाड्यांना बंद होता आणि दुकानादुकानांपुढे थाई कुटुंबांनी चौरंग मांडले होते: गणपती, काली, झेंडूचे ढीग, नारळ. मिरवणूक येताच नारळ फुटू लागले. बारमध्ये काम करणाऱ्या काही मुली कामाच्या कपड्यांतच येऊन हात जोडून उभ्या होत्या. त्यांना कुणी मागे सारलं नाही. देवापुढे त्यांची जागा कुणी ठरवत नाही, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं.

पण ब्रह्मदेवाच्या त्या चौकाबद्दल लिहायचं तर रक्ताबद्दलही लिहायला हवं. मार्च २००६मध्ये मनोरुग्ण असलेल्या एका तरुणाने हातोड्याने ब्रह्मदेवाची मूर्ती फोडली, आणि तिथेच लोकांनी त्याला मारून टाकलं. त्या चार मुखांना तिथले बौद्ध मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा म्हणतात. करुणेच्या मुखासमोर एक आजारी माणूस ठेचला गेला. मूर्ती दोन महिन्यांत दुरुस्त होऊन परत बसली. अण्णांच्या शंकेतली सगळ्यात खरी गोष्ट मला इथे दिसते: देव माझ्या सुखाचा जामीनदार आहे असं एकदा धरलं की त्याला हात लावणारा माझा शत्रू होतो. यावर माझ्याकडे उत्तर नाही. देवाकडे मागणारा माणूस हिंसक होऊ शकतो, हे मान्य करूनच पुढे बोलायला हवं.

१७ ऑगस्ट २०१५ला तिथे बॉम्बस्फोट झाला. २० माणसं गेली. काही जण दर्शनाला आलेले. व्यवहारच असता तर त्या दिवशी तो मोडला असता, कारण हात जोडलेल्यांनाच देवाने वाचवलं नाही. दोन दिवसांनी आवार उघडलं आणि लोक आले. लेक म्हणते, भीतीने आले. काही जण भीतीने आले असतील. पण फळाची हमी संपली हे दिसल्यावरही जो येतो, तो आता फळासाठी येत नाही. ज्याच्याजवळ मन मोकळं करता येतं त्याच्याकडे येतो. हे मी तिला सांगितलं. तिला पटलं नाही, आणि आम्ही अजून फोनवर यावर बोलतो.

आईचं जागरण राहिलं होतं. बँकॉकला नाच घालून ते फेडावं असं क्षणभर मनात आलं, पण ते देणं खंडोबाचं आहे आणि दिमडी वाजवणाऱ्यांचं आहे. परत आल्यावर मार्गशीर्षात, चंपाषष्ठी झाल्यानंतर, सासवडच्या घरी वाघ्या-मुरळींना बोलावलं. भाऊ आता साठीचा आहे. त्याने कोटंब्यापुढे तळी उचलली, गल्लीतले सगळे जेवायला होते, आणि पहाटेपर्यंत गाणं चाललं.