शेक्सपिअरविषयीचा नास्तिकपक्ष

शेक्सपिअर नावाचा नाटककार झालाच नाही, असे वरकरणी सिद्ध करणारे एक पुस्तक सॅम्युअल श्मुकर या अमेरिकन ल्यूथरपंथी लेखकाने 1848 साली प्रसिद्ध केले. जर्मनीत श्ट्राउसने 1835 साली येशूचे चरित्र लिहून शुभवर्तमानांच्या ऐतिहासिकतेवर जे आक्षेप घेतले होते, तेच शेक्सपिअरला लावले असता तोही कसा अंतर्धान पावतो, हे दाखवून त्या आक्षेपांचेच हसे करावे, एवढाच श्मुकरचा हेतू होता; स्वतः त्याला शेक्सपिअरविषयी तिळमात्र शंका नव्हती. परंतु थट्टेने मांडलेला हा पूर्वपक्ष नऊ वर्षांतच खराखुरा उभा राहिला. 1857 साली डेलिया बेकन या विदुषीने ही नाटके फ्रान्सिस बेकन आणि त्याच्या मंडळींची ठरवली, आणि 1920 साली लोनी नावाच्या इंग्रज शाळामास्तराने तो मान ऑक्सफर्डचा उमराव एडवर्ड द व्हेर याला दिला. हा उमराव 1604 साली वारला, आणि 'टेम्पेस्ट'मागे 1609 च्या जहाजफुटीचा वृत्तान्त आहे असे बहुतेक विद्वान मानतात. त्यावर लोनीने काढलेला तोडगा असा, की ते नाटक ऑक्सफर्डचे नव्हेच!

या मंडळींची सारी भिस्त अर्थापत्तीवर आहे. मीमांसकांचा देवदत्त दिवसा जेवत नाही आणि तरीही लठ्ठ आहे, म्हणून तो रात्री जेवत असला पाहिजे. त्याच न्यायाने स्ट्रॅटफर्डच्या हातमोजे करणाऱ्याच्या मुलाला दरबार, कायदा आणि इटली ठाऊक असणे शक्य नाही, आणि नाटकांत तर हे सर्व आहे, म्हणून कर्ता दुसरा. परंतु दुसरी उपपत्ती संभवत असेल तेथे अर्थापत्ती लंगडी पडते. आणि नॉर्थने इंग्रजीत आणलेला प्लूटार्क व हॉलिन्शेडची बखर हाताशी असलेल्या कुशाग्र नटाला उमरावाच्या घरी जन्म घेण्याची काय गरज होती? उलटपक्षी, दफ्तरातला पुरावा रूक्ष असला तरी भक्कम आहे. स्ट्रॅटफर्डच्या या गृहस्थाने मार्च 1616 मध्ये केलेल्या मृत्युपत्रात दोन ओळींच्या मध्ये मागाहून एक कलम घातलेले दिसते: हेमिंग्ज, बर्बेज आणि कॉन्डेल या नटमित्रांना अंगठ्यांसाठी प्रत्येकी 26 शिलिंग 8 पेन्स द्यावेत. यांपैकी हेमिंग्ज आणि कॉन्डेल यांनीच 1623 साली आपल्या मित्राची 36 नाटके एकत्र छापवून घेतली.

तथापि श्रद्धाळूही निर्दोष नाहीत. 'हॅम्लेट'मध्ये लोनीला ऑक्सफर्डचे घराणे दिसले, तर परंपरेच्या चरित्रकारांना 1596 साली वारलेला शेक्सपिअरचा मुलगा हॅम्नेट दिसतो. नाटक म्हणजे कर्त्याची कैफियत, हे गृहीत दोन्ही पक्षांचे एकच. वेद अपौरुषेय आहेत म्हणूनच प्रमाण, असे म्हणणाऱ्या मीमांसकांना या भांडणाची गंमतच वाटली असती.

खरा संशय आहे तो वेगळ्याच जागी, आणि तेथे उमरावांचे काम नाही. 'टू नोबल किन्समेन'च्या 1634 च्या मुखपृष्ठावर फ्लेचर आणि शेक्सपिअर अशी दोन नावे आहेत. 'सर टॉमस मोर'च्या हस्तलिखितात तर कित्येक हातांची अक्षरे मिसळली आहेत, आणि परदेशी लोकांविरुद्ध उठलेल्या जमावाला मोर शांत करतो तो तीन पानांचा भाग शेक्सपिअरच्या हातचा असावा, असे पुष्कळ विद्वान मानतात. तेथे एकाही कवीने सही केलेली नाही. नाव आहे ते दरबारचा नाट्य-परिनिरीक्षक टिल्नी याचे, दंग्याचा प्रसंग समूळ गाळावा या शेऱ्याखाली.