घासाची घासाघीस

दोन वर्षांच्या मुलास जेवू घालण्याचा सोहळा ज्याने पाहिला नाही असा गृहस्थ आपल्याकडे विरळाच. घर नांदेडचे असो वा लातूरचे, देखावा एकच. वाटीत मऊ वरणभात किंवा दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी. पुढे पळणारे मूल, मागे आई आणि देखरेखीस आजी. राजनीतीत प्रतिपक्षास वश करण्याचे जे चार उपाय सांगितले आहेत, ते चारही या चिमुकल्या जीवावर एकामागून एक चालविले जातात. चिऊकाऊच्या नावाने घास भरविणे हा साम. जेवल्यावर मिळणारे चॉकलेट हा दाम. ‘नाहीतर ताईला देऊन टाकू’ हा भेद. आणि अखेरीस बागुलबुवा हा दंड. अलीकडे पाचव्या उपायाची भर पडली आहे. मोबाइलवर हलती चित्रे लावून दिली की मूल त्यांत गढून जाते, तोंड आपोआप उघडते आणि आपण काय व किती खाल्ले याची वार्ताही त्यास राहत नाही.

हा प्रकार आपण हसण्यावारी नेतो. परंतु त्यात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. ज्यास अद्याप नीट बोलताही येत नाही, त्याच्या नकारास काही मोल आहे काय? आणि त्याच्याच हितासाठी म्हणून तो नकार मोडून काढण्याचा अधिकार आपणास कितपत पोहोचतो?

आजीची बाजू प्रथम ऐकली पाहिजे. मराठवाड्यातील आज साठी ओलांडलेल्या पुष्कळ आज्यांनी १९७२ चा दुष्काळ लहानपणी भोगलेला आहे. आईबाप दुष्काळी कामावर खडी फोडीत होते, घरात परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी होती आणि सुकडी मिळाली तो दिवस सणाचा वाटे. जिने असे दिवस काढले, तिला ताटातील घास टाकलेला पाहवत नाही, यात नवल ते काय? अन्नाची निंदा करू नये हे उपनिषदांनी सांगितले. तिला ते पोटाने शिकविले. तिचा आग्रह म्हणजे जुन्या भीतीने धारण केलेले प्रेमाचे रूप होय.

तथापि प्रेम खरे असले म्हणजे त्याचा निर्णयही खरा असतो असे नाही. पहिल्या वर्षात मुलाचे वजन जन्मवेळेच्या सुमारे तिप्पट होते. दुसऱ्या वर्षात ते अवघे दोन-अडीच किलो वाढते. वाढीचा वेग मंदावला की भूकही मंदावते. आपण ज्यास हट्ट म्हणतो, ती बहुधा पोटाने दिलेली खरी साक्ष असते. नवा पदार्थ झिडकारणे हाही या वयाचा स्वभाव. तोच पदार्थ बळजबरीवाचून दहा-पंधरा वेळा समोर आला म्हणजे पुष्कळ मुले तो आपण होऊन उचलतात. मूल खरोखर खंगत असेल, आजारी असेल किंवा त्यास गिळताना त्रास होत असेल, तर गोष्ट वेगळी. तेथे वैद्याकडेच गेले पाहिजे. परंतु त्याचा निवाडा आजीच्या नजरेने न करता अंगणवाडीतील वजनकाट्याने करावा.

येथे कोणी म्हणेल, ‘मुलावर सोपविले तर ते बिस्किटांवरच राहील.’ आक्षेप रास्त आहे. क्लारा डेव्हिस या अमेरिकन बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९२६ मध्ये एक प्रयोग आरंभिला. नुकत्याच दूध तुटलेल्या १५ मुलांसमोर ३४ प्रकारच्या पदार्थांतून ताटे मांडली जात आणि कोणी आग्रह करावयाचा नाही अशी दायांस सक्त ताकीद होती. मुलांनी मन मानेल तसे खाल्ले व ती उत्तम वाढली. मात्र त्यातील खुबी बाईंनी १९३९ मध्ये स्वतःच सांगितली : ताटात साखर व गोडधोड मुळीच नव्हते, जे होते ते सारे सकस होते. निवड मुलाची होती, पण ताट मांडणारे हात जाणत्यांचे होते. काय द्यावे व केव्हा द्यावे हे वडीलधाऱ्यांनी ठरवावे, किती खावे व खावे की नाही हे मुलाने, अशी कामाची वाटणी पुढे एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी सुचविली.

हीच वाटणी पाहण्यास नांदेडकरांस अमेरिकेस जाण्याचे कारण नाही. गुरु गोविंदसिंग १७०८ मध्ये जेथे निवर्तले, त्या हजूर साहिबच्या लंगरात पंगत बसते. सर्वांस एकच अन्न. आपल्यासाठी निराळे काही मागावयाचे नाही. सेवेकरी प्रेमाने विचारतो, घेणारा दोन्ही हात पसरून रोटी घेतो आणि पुरे झाले की हातानेच ‘बस’ म्हणतो. घेतलेले मात्र टाकावयाचे नाही. अन्नाचा मान आणि खाणाराचा मान, दोन्ही एकाच पंगतीत सुखाने नांदतात.

घरातील वाटीशी हा मान राखला नाही तर पुढे काय होते? ज्याच्या पोटाची साक्ष रोज खोटी ठरविली गेली, ते मूल स्वतःच्या मनाची साक्ष तरी खरी कशी मानील? आणि ज्याचा नकार कोणी मानला नाही, तो उद्या दुसऱ्याचा नकार मानील काय? लातूरने अभ्यासाच्या ‘पॅटर्न’ने साऱ्या महाराष्ट्रात नाव मिळविले, त्यामागील परिश्रमांस नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु विद्या आणि अन्न दोन्ही ज्याची त्यानेच पचवावी लागतात, आणि भूक नसता भरविलेली अंगी लागत नाहीत, याचा विसर त्या नगरासही पडू नये.

अन्न वाया जाऊ नये हा आजीचा नियम मोडण्याची मुळीच गरज नाही. वाटीत दोनच घास वाढावे; अधिक हवे असल्यास मूल मागेल. त्याने तोंड फिरविले तर वाटी झाकून ठेवावी आणि म्हणावे, ‘बरं बाळा, भूक लागली की सांग.’ मधल्या वेळी बिस्किटाचा डबा तेवढा उघडू नये. सायंकाळी ते आपल्या पायांनी वाटीपाशी येईल, आणि त्या वेळी आजीस कोणताही उपाय योजावा लागणार नाही.