मोरीजवळचा कप

आमच्या स्वयंपाकघरात मोरीच्या वरच्या फळीवर स्टीलचा एक कप पालथा घातलेला असायचा. त्याला वेगळा कप असं कुणी म्हणत नसे. ‘मावशींचा कप’ म्हणत. आई अंथरुणाला खिळली त्या तीन वर्षांत ज्या बाई रोज सकाळी साडेसहाला यायच्या, त्यांचा तो कप. आईची एक बाजू लुळी पडली होती. मावशी तिची कूस बदलायच्या, अंग पुसायच्या, चादर बदलायच्या, पेज भरवायच्या. घास गालात अडकून राहिला तर अलगद बोट घालून काढायच्या. हे सगळं आटोपलं की मोरीजवळ बसकण मारायच्या, फळीवरचा कप स्वतःच काढायच्या, आणि मी वरून चहा ओतायची. पिऊन झाल्यावर कप त्याच विसळायच्या आणि पुन्हा पालथा घालायच्या.

असं करा म्हणून मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. या ‘सांगितलं नव्हतं’वर माझी बरीच वर्षं भिस्त होती.

एका रविवारी मंडळीत प्रभुभोजन होतं. आमच्याकडे अजून एकच प्याला फिरतो. पाळकसाहेब कडा पुसतात, प्याला जरा फिरवतात आणि पुढच्याच्या ओठांना लावतात. माझ्या आधी रांगेत एक रिक्षावाले बंधू होते, नंतर एक निवृत्त मुख्याध्यापिका. गुडघे टेकून मी तो प्याला घेतला. घरी आले, आईजवळ रविवारीही येऊन बसलेल्या मावशींसाठी चहा टाकला, आणि हात सवयीने मोरीच्या फळीकडे गेला. तिथेच थांबला. तासाभरापूर्वी ज्या ओठांनी मी सगळ्यांच्या प्याल्यातून घेतलं, त्याच ओठांच्या घरात हा दुसरा कप होता.

मला जास्त लाज वाटली ती आणखी एका कारणाने. आमचं घराणं नगर जिल्ह्यातलं. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला १८३१ मध्ये सुरू झालं आणि पुढच्या पिढ्यांत जिल्ह्यातल्या गावकुसाबाहेरच्या कितीतरी घरांनी ख्रिस्ताचं नाव घेतलं. त्यांतलंच एक माझ्या पणजोबांचं. गावच्या विहिरीवर त्यांना पाणी शेंदता येत नसे. कुणीतरी वरून ओतेल तेव्हा ओंजळीत घ्यायचं. त्यांची पणती आता शहरातल्या फ्लॅटमध्ये गॅससमोर उभी राहून वरून चहा ओतत होती. वरून ओतणारा हात तेवढा बदलला होता.

मावशींची जात मी कधी विचारली नव्हती, हेही इथे लिहून ठेवते. विचारायची गरजच पडली नाही. काम विचारलं की आपल्याकडे बाकीचं आपोआप कळल्यासारखं होतं.

त्या दिवशी मी काय केलं? काही नाही. कप काढला आणि चहा ओतला. ठरवलं की उद्यापासून बदलायचं. तो उद्या यायला तीन आठवडे लागले.

तुम्ही म्हणाल, एका कपासाठी देवाचं सामर्थ्य कशाला लागतं? मलाही आधी तसंच वाटलं होतं. आपण देवाकडे सामर्थ्य मागतो ते मोठ्या गोष्टींसाठी. ऑपरेशन, परीक्षा, नोकरी, मुलाचं परदेशी जाणं. स्वयंपाकघरातली फळी आपल्याच हातची, तिथे देवाला कशाला बोलवायचं? पण ती तीन आठवडे हललीच नाही. चांगुलपणाच्या जोरावर ती हलणार असती तर पहिल्याच दिवशी हलली असती.

पेत्राचं असंच झालं होतं. यापोत तो कातडी कमावणाऱ्या सिमोनाच्या घरी उतरला होता. घराच्या धाब्यावर प्रार्थना करताना त्याला दर्शन झालं : आकाशातून उतरलेली मोठी चादर, तीत शुद्ध-अशुद्ध मानलेले सगळे प्राणी. देवाने शुद्ध केलेलं तू अशुद्ध मानू नकोस, हा त्याचा अर्थ. लगेच तो कैसरियाला कर्नेल्य नावाच्या रोमी अधिकाऱ्याच्या घरात शिरला. त्या काळच्या यहुदी माणसाला हे पाऊल केवढं जड गेलं असेल, हे आपल्या देशात वेगळं समजावून सांगावं लागू नये. पुढे अंत्युखियात तो परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांच्या पंगतीला खुशाल बसू लागला. मग यरुशलेमेहून याकोबाकडची काही मंडळी आली आणि पेत्र हळूच त्या पंगतीतून उठला. बर्णबासारखा भला माणूसही त्याच्यामागे ओढला गेला. पौलाने पेत्राला सगळ्यांसमोर तोंडावर सुनावलं, आणि गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात ते नोंदवूनही ठेवलं.

हा तोच पेत्र, ज्याने पेंटेकॉस्टच्या दिवशी हजारोंपुढे उभं राहून साक्ष दिली. त्या दिवशीचं सामर्थ्य अंत्युखियाच्या पंगतीपर्यंत का पुरलं नाही? मला वाटतं, ते साठवून ठेवता येण्यासारखं नव्हतंच. रानात इस्राएल लोकांना मान्ना मिळत असे तो माणशी एक ओमर, त्या दिवसापुरता. शब्बाथाच्या आदल्या दिवशीचा दुप्पट वाटा सोडला, तर दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवलेल्या मान्न्यात किडे पडत. लोभ्यांना शिक्षा म्हणून ही गोष्ट आम्हाला रविवारच्या शाळेत शिकवली. मी आता ती वेगळी वाचते. देवाला त्या लोकांनी रोज सकाळी तंबूबाहेर यायला हवं होतं. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतही भाकर मागायची ती आजची.

तीन आठवड्यांनंतरच्या एका मंगळवारी पहाटे मी प्रार्थना केली, आणि लाज वाटावी इतकी लहान केली. जातिभेद नाहीसा होवो असं काही मागितलं नाही. आज साडेसातला मावशी चहाला बसतील, तेवढ्या एका चहापुरतं बळ दे, एवढंच. त्या दिवशी मी दोन चिनीमातीचे कप टेबलावर मांडले आणि म्हटलं, “मावशी, इथे या, खुर्चीवर बसा.” त्या म्हणाल्या, “राहू द्या ताई, मी इथंच बरी हाय.” पुन्हा म्हटलं. त्या आल्या, खुर्चीच्या टोकावर टेकल्या. माझ्याकडे न बघता त्यांनी चहा घाईघाईने संपवला. एकमेकींशी बोलायला आम्हाला काहीही सुचलं नाही. माझ्या हाताला घाम सुटला होता.

दोन आठवडे हे नीट चाललं. मग एका रविवारी पुण्याहून नातेवाईक आले. दिवाणखाना भरला होता, ट्रेमध्ये कप लावले होते. मावशी आतून आल्या आणि माझा हात, पुन्हा, मोरीच्या फळीकडे गेला. त्या काही बोलल्या नाहीत. आपल्या जुन्या जागी जाऊन बसल्या. दिवाणखान्यातल्या कुणाच्या हे लक्षातही आलं नसेल. त्या रात्री मी गलतीकरांच्या पत्राचा दुसरा अध्याय उघडला. मला पेत्राचा राग येईना.

या संदर्भात मला लक्ष्मीबाई टिळक नेहमी आठवतात. नाशिकजवळच्या जलालपूरच्या. त्यांच्या वडिलांचं सोवळं विलक्षण कडक होतं, बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात येत नसे. अशा घरात वाढलेल्या मुलीचा नवरा, नारायण वामन टिळक, १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतो. लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या, आणि परत आल्यावरही त्यांचं सोवळं चालूच होतं. ते कसं सैल होत गेलं याची हकिगत ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी स्वतः सांगितली आहे. पुढे १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. साहित्य म्हणून या पुस्तकाची थोरवी सगळे जाणतात, पण मला त्यातला कबुलीचा प्रामाणिकपणा जास्त मोलाचा वाटतो. आपल्याकडे साक्ष सांगताना लोक म्हणतात की अमुक तारखेला प्रभू भेटला आणि सगळं बदललं. लक्ष्मीबाईंचं सगळं एका तारखेला बदललं नाही. पाणी, चूल, हात, भांडं असं एकेक सुटत गेलं. मला हीच साक्ष जास्त खरी वाटते, कारण माझंही तसंच चाललं आहे.

आणि आठवतात जामखेडचे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे. दोघंही वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. आयुष्य खेड्यातल्या गरिबांसाठी द्यायचं, असं त्यांनी लग्नाच्या वेळीच ठरवलं होतं. अमेरिकेतलं पुढचं शिक्षण संपवून ते १९७० मध्ये परतले आणि त्या वेळच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दुष्काळी जामखेडला गेले. तिथे वापरात नसलेल्या गुरांच्या दवाखान्याच्या जागेत त्यांनी काम सुरू केलं. गावोगावच्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून शिकवलं. त्यांतल्या अनेक निरक्षर होत्या, अनेक दलित घरांतल्या. सुरुवातीला त्या भागात हजार जन्मांमागे सुमारे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत. १९९० च्या दशकात हा आकडा तिशीच्या खाली आला. १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार या दांपत्याला मिळाला.

या सगळ्यांत मला सर्वांत जवळची वाटते ती हातपंपाची गोष्ट. गावात बोअर घ्यायची वेळ आली की आरोळे दांपत्य जागा दलित वस्तीतली धरत. पाणी हवं तर साऱ्या गावाने त्या वस्तीत यायचं, त्याच पंपाचा दांडा धरायचा. भाषण नाही, भांडण नाही. उन्हाळ्यात तहान लागली की पाय आपोआप तिकडे वळत. चवदार तळ्याचं पाणी पिण्यासाठी १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांना हजारो माणसं घेऊन जावं लागलं होतं. त्यानंतर अर्धशतकाच्या आत, त्याच महाराष्ट्रात, पाण्यासाठी सवर्ण बायका घागर घेऊन दलित वस्तीत येत होत्या.

ती जागा निवडताना आरोळ्यांना त्रास झाला नसेल असं मला वाटत नाही. गावाच्या मर्जीवर ज्यांचं काम अवलंबून, त्या डॉक्टरांनी गावाला न आवडणारी जागा निवडायची, आणि तीही एकदा नाही, दर गावी नव्याने. एका गावात मिळवलेलं धैर्य पुढच्या गावात जसंच्या तसं नेता येत नसणार. पुन्हा सरपंच, पुन्हा पाटील, पुन्हा तीच कुजबुज. अशा कामाचं बळ कुठून येतं, हे मी प्रार्थना करणाऱ्या माणसाला वेगळं सांगत नाही.

आईच्या शेवटच्या वर्षात मी फार थकले होते. रात्री झोप नाही, दिवसा चिडचिड. देवा, बळ दे, असं म्हणायची आणि बळ येत नाही म्हणून त्याच्यावरही चिडायची. एके दिवशी एलीयाची गोष्ट वाचनात आली. ईजबेलीच्या भीतीने रानात पळालेला, रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागणारा संदेष्टा. देवाने त्याला आधी उपदेश केला नाही. झोपू दिलं. मग दूताने त्याला हात लावून उठवलं, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी होतं. तो जेवला आणि पुन्हा झोपला. दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खाऊ घातलं, आणि त्या बळावर तो होरेबपर्यंत चालत गेला.

मी पुस्तक मिटलं तेव्हा आतल्या खोलीत मावशी आईला पेज भरवत होत्या. “घ्या आजी, येवढा येक घास,” असं चाललं होतं. तीन वर्षं मी ज्या बळासाठी देवाला हाका मारत होते, ते रोज सकाळी साडेसहाला दाराशी येऊन चपला काढत होतं. आणि मी त्याला मोरीजवळ बसवलं होतं.

आई जाऊन आता दोन वर्षं झाली. अंत्यविधीच्या दिवशी मावशी आल्या होत्या, स्मशानभूमीपर्यंत आल्या, आणि कबरीवर मूठभर माती त्यांनीही टाकली. आता त्या दुसऱ्या एका घरी आजारी माणसाचं बघायला जातात. अधूनमधून येतात, टेबलाशी बसतात, साखर जास्त घालायला सांगतात. स्टीलचा कप मी फेकलेला नाही. ओट्यावर डाळ मोजायला वापरते, म्हणजे रोज हाताला लागतो. अजूनही घरात माणसं जमली की मला आधी मनातल्या मनात त्या मंगळवारची प्रार्थना करावी लागते.

ख्रिस्ती बंधुभगिनींनो, या रविवारी प्रभुभोजन घेऊन घरी गेलात की एकदा आपल्या मोरीजवळची फळी बघा. तिथे कप असला, तर तो हलवण्यापुरतं बळ त्याच दिवशी मागा.