देवाच्या नावावर दरड

महाड तालुक्यातल्या तळियेच्या दरडीचा दिवस आला की तो चित्रसंदेशही येतोच. मागे सूर्यास्त, बाजूला धबधबा, मधोमध गुलाबी अक्षरांत यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं वचन, आणि खाली जोडलेल्या हातांची रांग. डोंगर पाण्याबरोबर खाली आला आणि ऐंशीहून जास्त माणसं गाडली गेली, त्या दिवसाच्या आठवणीला धबधबा! सूर्यास्ताचं मला जुनंच वावडं आहे, ते सोडा. पण त्याखाली एका भल्या गृहस्थाने लिहिलं होतं, ‘शेवटी देवाची इच्छा.’

या तीन शब्दांची आपल्याकडे भलतीच सोय झाली आहे. महाडात तारीक गार्डन कोसळली, सोळा जीव गेले, देवाची इच्छा. जणू इमारतीचा नकाशा त्यानेच पास केला आणि सिमेंटमध्ये रेती किती टाकायची तेही त्यानेच गवंड्याच्या कानात सांगितलं. सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री दोन एसट्या घेऊन गेला, देवाची इच्छा. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी करून धोका नसल्याचा निर्वाळा दिला गेला होता. त्या कागदावर सही कोणाची होती? गब्रिएल दूताची? डोंगराचा पायथा कापतो जेसीबी आणि माती सुटली की नाव येतं देवाचं. नफा आपल्या खात्यात, मढी त्याच्या खात्यात. देवाला नोटीस जात नाही, त्याचं निलंबन होत नाही, चौकशी समितीसमोर त्याला कोणी बसवत नाही. म्हणून प्रत्येक ठेकेदाराला तो पोटठेकेदार म्हणून फार सोयीचा पडतो.

 

पाऊस अफाट होता, हे कबूल. तळियेची दरड पडली त्या दिवशी वर महाबळेश्वरला चोवीस तासांत जवळपास ६०० मिलीमीटर कोसळला आणि सावित्री तिथूनच पोलादपुरात उतरते. महाडलाच पुराचा वेढा, त्यामुळे बचाव पथक तळियेला पोचायला दुसरा दिवस उजाडला. पण २००५ च्या जुलैत जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथे डोंगराने हेच सांगितलं होतं. तेव्हापासून तळियेपर्यंत सोळा वर्षं हातात होती. इच्छा असली की आपल्याला जमतंही. सावित्रीवरचा नवा पूल वर्षाच्या आत उभा राहिला की!

आम्हा ख्रिस्ती मंडळींना तर हे वाक्य उच्चारायची मुळीच सोय नाही. यरुशलेमेत शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, तेव्हा लोकांनी त्यांच्या पापाचा हिशेब मांडायला घेतला. येशूने तिथल्या तिथे सुनावलं की ती माणसं इतरांहून जास्त पापी नव्हती, आणि पश्चात्ताप करायचा तो जिवंत असलेल्यांनी. लूकच्या तेराव्या अध्यायात आहे. पण तो अध्याय कोणी गुलाबी अक्षरांत पाठवत नाही.

देवाची वचनं पाठ असणं हा काही विश्वासाचा पुरावा नव्हे. देवदूत तुला वरच्या वर झेलतील, हे एक्याण्णवाव्या स्तोत्रातलं वचन येशूला मंदिराच्या शेंड्यावर नेऊन ऐकवलं ते सैतानाने. येशूने उडी मारली नाही. दरडीखालच्या वाडीत जो झोपतो त्याला मी हे ऐकवत नाही, बिचाऱ्याला दुसरी जागा कुठे आहे? ‘देव सांभाळेल’ म्हणून त्याला तिथेच राहू देणाऱ्यांना ऐकवतो आहे.

आणि ते अकरावं वचन! देव तुमचं भलं योजतो आहे, तुम्हाला आशा आहे, हे खरंच. पण ते लिहिलं आहे बाबेलच्या बंदिवासात पडलेल्यांना, आणि सुटकेची मुदत दिली आहे सत्तर वर्षांची. त्याआधी, पाचव्या वचनापासून, कामांची यादी आहे. घरं बांधा, मळे लावा, ज्या नगरात आहात त्याच्या भल्यासाठी झटा. वचनाचा एवढा भाग कापून उरलेला सूर्यास्तावर चिकटवला की झाली आमची भक्ती. शब्द नुसते कागदावर असून भागत नाही, हे महाडकरांना खरं तर सांगायला नको. चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा नगरपालिकेचा ठराव १९२४ पासून कागदावर होताच. २० मार्च १९२७ ला माणसं तळ्यापर्यंत चालत गेली, तेव्हा पाणी ओंजळीत आलं.

पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळात गेली, नवरा कॉलऱ्याने गेला, १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमाही गेली. त्यांचा विश्वास ढळला नाही. पण १८९६-९७ च्या दुष्काळात त्या ‘देवाची इच्छा’ म्हणत बसल्या नाहीत. मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी मुली गोळा केल्या, केडगावला आणल्या, तिथे गुडघेही टेकले आणि विहिरीही खोदल्या. मी संकटात तुझ्याबरोबर आहे, असं देवाने कबूल केलं आहे. ती कबुली म्हणजे हातावर हात धरून बसायचा परवाना नव्हे.

आता तळियेतली एखादी माउली स्वतःच ‘देवाची इच्छा’ म्हणाली, तर? तर मी गप्प बसेन. त्या शब्दांची किंमत तिने मोजली आहे, तिच्यापुढे माझे अध्याय आणि वचनं काय कामाची? बाकीच्यांनी मात्र ते शब्द तोंडात घेऊ नयेत.

पावसाळा अजून सरलेला नाही. वरच्या वाडीतलं एखादं कुटुंब गणपतीपर्यंत आपल्या पडवीत आणून ठेवा. प्रार्थना त्यांच्या शेजारी बसूनही करता येते.