हायलँड अव्हेन्यू ते राजापूर

पत्रकार गाडीच्या अपघातात गेला की लोक ब्रेकचं नंतर विचारतात. आधी विचारतात, सध्या तो काय लिहीत होता? या प्रश्नाला वेडगळ म्हणून उडवून लावणाऱ्यांचा मला राग येतो. पण प्रश्न पडल्यावर आपण शोधायला जातो कुठे, याबद्दल मात्र बोलायला हवं.

१८ जून २०१३. लॉस एंजेलिसमध्ये पहाटेचे सव्वाचार वाजून गेलेले. हायलँड अव्हेन्यूवरून सुसाट निघालेली मर्सिडीज दुभाजकातल्या ताडावर आदळली आणि पेटली. इंजिन कितीतरी लांब जाऊन पडलं. आत होता मायकेल हेस्टिंग्ज, वय ३३. तीन वर्षांपूर्वी ‘रोलिंग स्टोन’मध्ये त्याने जनरल मॅक्रिस्टल यांच्या गोटात सरकारातल्या बड्यांबद्दल काय काय बोललं जातं ते जसंच्या तसं छापलं होतं, आणि अफगाणिस्तानातल्या फौजांच्या या सरसेनापतीला पद सोडावं लागलं होतं. मृत्यूच्या आदल्या दिवशी त्याने सहकाऱ्यांना ई-मेल केला होता: सरकारी तपासनीस माझ्या जवळच्या लोकांना गाठून चौकशी करताहेत, मी एका मोठ्या बातमीच्या मागे आहे, काही काळ दिसणार नाही. स्नोडेनने सरकारी पाळतीचं बिंग फोडून जेमतेम दोन आठवडे झाले होते. अशा वेळी कुणाला संशय आला नसता तरच नवल.

दोन अमेरिकी अध्यक्षांच्या हाताखाली दहशतवादविरोधी काम पाहिलेले रिचर्ड क्लार्क म्हणाले, गाडीचा संगणक दुरून ताब्यात घेतला तर अपघात असाच दिसेल. तसं झालंच असं मी म्हणत नाही, हेही त्यांनी सांगितलं; आणि झालं असलंच तर करणारा बहुधा सापडणारही नाही, असंही. पहिलं वाक्य जगभर फिरलं, दुसरं वाटेतच गळालं. तिसरं तर संशयाला अमरपट्टाच देऊन गेलं, कारण पुरावा नसणं हाच आता पुरावा झाला. पुढे २०१५ मध्ये दोन संशोधकांनी धावती जीप चेरोकी घरबसल्या बंद पाडून दाखवली आणि कंपनीला चौदा लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. म्हणजे कल्पना अगदीच हवेतली नव्हती. पण होऊ शकतं आणि झालं, यांतलं अंतर नुसत्या तर्काने तुटत नाही.

पोलिसांना घातपाताची खूण सापडली नाही. शवविच्छेदनाच्या अहवालातही अपघातच म्हटलं होतं. पत्नीनेही तेच सांगितलं. अखेरच्या दिवसांत त्याची मनःस्थिती ठीक नव्हती, उपचारांसाठी त्याचं मन वळवायची घरच्यांची धडपड चालली होती, हे भावाकडून कळलं. ज्यांचा माणूस गेला त्यांचं हे म्हणणं संशयखोरांना पटेना. दबावाखाली बोलत असतील, एवढं म्हटलं की झालं.

मला खरी खटकते ती पुढची गोष्ट. मृत्यूनंतर दोनच दिवसांत एफबीआयने जाहीर केलं होतं, हेस्टिंग्जची आम्ही कधीच चौकशी करत नव्हतो. सप्टेंबरमध्ये, माहितीच्या अधिकाराखाली कोर्टात गेलेल्यांच्या हाती काही कागद लागले. बऱ्याच ओळींवर काळं फासलेलं. तेव्हा तालिबानच्या कैदेत असलेला अमेरिकी सैनिक बो बर्गडाल याच्यावर हेस्टिंग्जने २०१२ मध्ये लिहिलेल्या लेखाची दखल एफबीआयच्या दफ्तरात घेतलेली होती. यातून खून सिद्ध होत नाही. एफबीआयचं म्हणणं या कागदांनी खोटं ठरलं असंही नाही. पण छापून आलेल्या लेखापायी पत्रकाराचं नाव तपास यंत्रणेच्या फायलीत का जावं, यावर रान उठायला हवं होतं. उठलं नाही. लोक अदृश्य हॅकरच्या शोधात होते, हातातला कागद त्यांना फिका वाटला.

कोकणातल्या राजापूरला मात्र हॅकर लागला नाही. ६ फेब्रुवारी २०२३, भर दुपार, पेट्रोल पंपाजवळचा रस्ता. ‘महानगरी टाइम्स’चे पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला जीपने उडवलं आणि फरफटत नेलं. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या रुग्णालयात ते गेले. ज्याच्याविरुद्ध त्यांची बातमी त्याच सकाळी छापून आली होती, तो तिथल्या प्रस्तावित रिफायनरीचा समर्थक जीप चालवत असल्याचा आरोप आहे. दोषी कोण, ते कोर्ट ठरवेल. इथे संशयाला ना ई-मेलचा अर्थ लावायचा होता, ना इंजिन किती लांब पडलं ते मोजायचं होतं. सकाळचा अंक आणि दुपारची जीप, दोन्ही समोर होते.

तरीही पोलिसांनी सुरुवातीला लावलं ते कलम ३०४, म्हणजे सदोष मनुष्यवध. राज्यभरचे पत्रकार रस्त्यावर आले, त्यांनी खुनाचं कलम मागितलं. ३०२ लागलं, विशेष तपास पथकही नेमलं गेलं. संशय कामाला येतो तो असा, पोलीस ठाण्याच्या टेबलावर बोट ठेवून अमुक कलम का लावलं नाही, असं विचारणारा. हेस्टिंग्जच्या बाबतीत असं बोट ठेवायला जागा एकच होती, काळं फासलेल्या त्या ओळींवर.